बांधावरचे चौघे

शेखरची जीप धसईहून मुरबाडला निघायला बारा माणसं लागतात. अकरा झाली की शेखर स्टिअरिंगवर कोपर टेकवून मागं वळतो आणि गोष्ट सांगायला लागतो. बाराव्याची वाट बघताना लोकांचा वेळ जावा म्हणून आपण हसवतो, असं त्याचं म्हणणं. खरं तर बारावा येऊन बसला आणि गोष्ट अर्धी असली, तर जीप जागची हलत नाही. गोष्टी त्याच्याकडं मोजून पाच-सहा. पण त्यातली एक अशी की ती ऐकायला लोक हातची एसटी सोडतात. ती म्हणजे सरितावहिनीची गोष्ट.

तेवीस वर्षं झाली त्या गोष्टीला. सरिता तेव्हा नवी सून होती, लग्नाला पंधरा दिवस झालेले. आवणीचे दिवस, म्हणजे भाताची रोपं राबाच्या वाफ्यातून काढून चिखलात लावायचे दिवस. सासूनं सांगितलं, "उंबराच्या पल्याडचं खाचर आपलं. तू हो पुढं, मी म्हशीचं बघून आलेच." ओढ्याला पाणी चढलेलं, म्हणून सरिता रोपांचा भारा डोक्यावर घेऊन वरच्या वाटेनं वळसा घालून गेली. त्या वाटेनं गेलं की उंबर उलट्या अंगानं दिसतो, हे तिला सांगणार कोण? ती उंबर ओलांडून पल्याड उतरली, आणि एकटीनं दुपारपर्यंत अख्खं खाचर लावून टाकलं. खाचर निघालं शेजारच्या धाकलूबाबांचं, म्हणजे शेखरच्या वडलांचं.

शेखर शेवट फार रंगवून करायचा. "आमी बापलेक उशिरानं गेलो, बघतो तर काय, खाचर लावून तयार! मी बोललो, बाबा, देव पावला. बाबा बोलला, देव नाय रे, शेजारची सून पावली!" यावर जीप हसायची. अगदी मुरबाडच्या बाजारात पहिल्यांदा उतरणारा परका माणूससुद्धा खिडकीला डोकं टेकवून हसायचा.

सरिताचं नाव त्या दिवसापासून पडलं ते बांधचुकी. लावलेलं रोप उपटत नाहीत, त्यामुळं ते खाचर धाकलूबाबांच्या घरालाच पिकलं. सरिताच्या घरी मागून आणलेली पिवळी रोपं लागली आणि त्या साली भात निम्मं आलं. सासू वर्षभर बोलली. मग सासू गेली, पण नाव राहिलं. दारावरच्या पाटीवर तेवढं लिहायचं बाकी होतं, नाहीतर टपालसुद्धा त्याच नावानं आलं असतं.

आता यात एक गोष्ट सरितानं कधी कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, माहेरीही नाही. राग, लाज, काय म्हणाल ते त्या एका गोष्टीत होतं, आणि ती तिनं तेवीस वर्षं गिळून ठेवली होती. ती पुढं येईलच.

मुलगी म्हणजे नम्रता. मुरबाडच्या कॉलेजात शिकताना तिलाही जीपमधूनच जावं लागायचं, आणि कॉलेजच्या दारापर्यंत ती बांधचुकीची पोरगी म्हणून पोचायची. पोरगी सोसणारी होती. तिचं लग्न ठरलं शहापूर तालुक्यात, तानसाकडच्या एका शेतकरी घरात. मुलगा हर्षित, चांगला, मोजकं बोलणारा. साखरपुडा मे महिन्यात सरिताच्या दारी. तिथं माईक कुणाच्या हातात असणार हे कुणी ठरवायची गरज नव्हती. गावातल्या प्रत्येक मांडवात माईक शेखरच्याच हातात असायचा. देणारा कुणी नसायचा, तोच घ्यायचा.

सरिता एक दिवस जीपपाशी गेली. अकरा माणसं बसलेली होती, हे तिचं दुर्दैव.

"भावजी," ती हळूच म्हणाली, "साखरपुड्याला ती गोष्ट तेवढी नका काढू. पाव्हणे नवीन हायेत."

शेखर मोठ्यानं हसला. "अगो वयनी, घरचीच गंमत ती! पाव्हण्यांना नको का कळायला, कुठल्या घरातनं पोरगी नेतायत? नायतर उद्या ती पण शेजाऱ्याचं खाचर लावून यायची!"

जीप हसली. सरिता घरी आली आणि भेंडीच्या वाफ्यात उकिडवी बसून राहिली. तिला आता रडू येत नव्हतं. आपली पोरगी उद्या परक्या घरात उतरेल, आणि तिच्या आधी ही गोष्ट त्या घराच्या चुलीपाशी जाऊन बसलेली असेल, एवढंच तिला दिसत होतं. पोरीचा हात कामाला कसा आहे हे बघायच्या आधीच लोक हसलेले असतील. आपल्यावर हसले ते सोसलं. हे सोसायचं नाही, असं तिनं तिथंच ठरवलं.

नवरा साईनाथ मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला. तो म्हणाला, "बोलू दे गो. येवढी वर्षं बोलतोय, काय बिघडलं?" बिघडलं ते त्याचं नव्हतं, म्हणून त्याला दिसत नव्हतं. नम्रता मात्र खरं बोलली. "आई, तू चिडलीस ना, का लोक आणखी हसतात. त्या दिवशी तू गप बस. काय बोलू नको."

चिडलं की लोक जास्त हसतात, हे तर सरिता तेवीस वर्षं अनुभवत होती. मग उरलं काय? रडून झालं, चिडून झालं, हात जोडून झाले. हसवणाऱ्याला भांडून हरवता येत नाही. त्याला हसवूनच हरवावं लागतं. पण सरिताला तर ते अजिबात येत नव्हतं. तिनं विनोद सांगितला की लोक विचारायचे, "बरं, मग?"

हे शिकवणारं माणूस दहा वर्षं तिच्या शेजारी बसत होतं, तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

धसईच्या बाजारात सरिता भेंडी-गवार घेऊन बसायची, आणि तिच्या डाव्या हाताला भिमी. भिमी डोंगरावरच्या ठाकरवाडीतली. उन्हाळ्यात करवंदं, पावसाळ्यात रानभाज्या, थंडीत कंद, जे रान देईल ते पाटीत घेऊन उतरायची. वय साठीच्या आसपास, तोंडात दात थोडे, आणि चेहरा असा सरळ की ती कधी चेष्टा करते हे तिच्या तोंडाकडं बघून देवालाही कळलं नसतं. एक माणूस दर बाजाराला येऊन तिच्या पाटीतली मूठभर करवंदं चाखायचा, "आंबट हायेत" म्हणायचा आणि निघून जायचा. चौथ्या बाजाराला भिमी त्याला अगदी मायेनं म्हणाली, "दादा, पुढच्या बाजाराला भाकर पण आणते तुला. नुसती करवंदं किती दिस खाशील?" आजूबाजूच्या सगळ्या पाट्या हसल्या. गंमत म्हणजे तो माणूसही हसला, आणि दोन द्रोण घेऊन गेला.

सरितानं त्या दिवशी भिमीला विचारलं, "भिमीबाय, मला शिकव."

"काय? करवंदं काढायला?"

"हसवायला."

भिमीनं तिच्याकडं नीट बघितलं. बांधचुकीची गोष्ट तिलाही ठाऊक होती, मुरबाडला तीही जीपनंच तर जायची. पाटीवरचं ओलं फडकं सारखं करून म्हणाली, "पयलं तू कर. मी बघते."

झालं. सरिता कामाला लागली. पुढच्या बाजाराला तिनं शेखरची एक चेष्टा जशीच्या तशी एका गिऱ्हाइकाला ऐकवली, आणि ते हसायच्या आधी स्वतःच हसली. गिऱ्हाईक भेंडी मोडून बघत राहिलं. मग तिनं ती चेष्टा समजावून सांगितली. गिऱ्हाईक म्हणालं, "हां, कळलं," आणि गवार घेऊन गेलं. दुसऱ्या एकाच्या टकलावर तिनं काहीतरी टाकलं. तो माणूस तिच्याकडं बघत राहिला आणि भाजीची पिशवी तिथंच उलटी करून चालता झाला. सरिताचे कान तापले. ती भेंड्या गोळा करत बसली.

"टकलाला का बोललीस?" भिमीनं विचारलं.

"शेखर बोलतो की असं. लोक हसतात."

"त्याच्या म्होरं हसत्यात, घाबरून. उद्या आपल्यावर यायला नको म्हणून. त्याला हसनं म्हणत नाय." भिमीनं एक करवंद तोंडात टाकलं. "टक्कल त्यानं केलंय का? देवानं केलंय. जे मानसाच्या हातात नाय त्याला हसू नये. त्यानं जे केलं, त्याला हसावं. माजा करवंदंवाला फुकट खात व्हता, मी त्याच्या खान्याला हसले. त्याच्या नाकाला नाय हसले. नाक बी बगन्यासारखंच हाय त्याचं."

सरिताला हसू फुटलं.

"बग, आता तू हसलीस. मी हसले का?"

नव्हती हसली.

असे चार-पाच बाजार गेले. भिमी काही वर्ग घेत नव्हती, माल विकता विकता दोन शब्द टाकायची. खरं तेच बोल, खोटं रचत बसलीस तर पाय अडकतो. तोंड सरळ ठेव. बोलून झालं की गप राहा, मागून फडक्यानं पुसत बसू नको. सरिता घरी भांडी घासताना, गुरांना पाणी दाखवताना, एकटीच पुटपुटायची. साईनाथनं एकदा म्हशीशी बोलताना तिला पकडलं. "काय चाललंय?" "म्हशीला हसवते," ती सरळ तोंडानं म्हणाली. साईनाथ खो खो हसला. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं नवऱ्याला हसवलं होतं, आणि तिला ते फार आवडलं. पण नवऱ्याला हसवणं वेगळं आणि दीडशे माणसांसमोर शेखरच्या हातून माईक काढणं वेगळं.

साखरपुडा आठ दिवसांवर आला तेव्हा ती भिमीला म्हणाली, "मला नाय जमणार. त्यानं गोष्ट काढली का माझं तोंड शिवल्यासारखं व्हतं."

"का व्हतं? चुकलीस, त्याला येवढं काय? मी लगीन होऊन आले तवा दुसऱ्याच्या सासूच्या पाया पडले व्हते."

"चुकले त्याचं नाय गो."

"मग?"

बाजार उठत आला होता. सरितानं इकडंतिकडं बघितलं आणि ती तेवीस वर्षांची गिळलेली गोष्ट बाहेर काढली. शेखर सांगतो तसे ते उशिरा आले नव्हते. ती खाचरात उतरली तेव्हा चौघं बांधावर बसलेले होते. धाकलूबाबा, शेखर, आणि आता हयात नसलेले दोघे. डोक्यावर प्लास्टिक, हातात बिडी. त्यांनी बघितलं, सून चुकलीय. एकानंही सांगितलं नाही. उलट धाकलूबाबा म्हणाले, "सूनबाई, हात चांगला हाय गो तुझा." आणि ती, सरिता, ते ऐकून खूश झाली. त्या गावात आल्यापासून तिला कुणी चांगलं म्हटलंच नव्हतं. ती दुप्पट वेगानं लावायला लागली. तहान लागली तरी वर आली नाही. चुकले ह्याची तिला लाज नव्हती. त्या दुपारी आपण किती खूश होतो, ह्याची होती.

भिमीनं मान खाली घातली. मग तिचे खांदे हलायला लागले. सरिताला वाटलं रडतेय. भिमी हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"अगो, चार बापे बांधावं बसून बाईचं कवतुक करत्यात, आनि येडी कोन म्हनं, तर ती बाई!" तिनं पदरानं डोळे पुसले. "हीच तर गोष्ट हाय. तो शेखऱ्या तुला हिचं भुसकाट ऐकवतोय, दाना तर तुझ्याकडं हाय. आनि तू दाना गिळून बसलीस!"

"लाज वाटते."

"वाटू दे. लाज वाटते तेच सांगायचं असतं. मग ती दुसऱ्याची व्हते."

साखरपुड्याच्या दिवशी सरिताच्या अंगणात मांडव भरला. तानसाकडची पन्नास-साठ माणसं आली. होणारी विहीण चंदा, अंगानं भारी, डोळ्यांनी बारीक, पुढच्या खुर्चीवर पाय पोटाशी घेऊन बसली. धाकलूबाबा आता ऐंशीच्या घरात. त्यांनाही शेजारी म्हणून पुढं बसवलेलं. अंगठ्या घालून झाल्या, पेढे वाटले गेले, आणि शेखरनं माईकवर दोनदा फुंकर मारली.

"पाव्हणे मंडळी! मुलगी बघितली, आता मुलीच्या आईची एक गोष्ट ऐका. म्हंजी तुमाला कळंल—"

नम्रतानं मान खाली घातली. गावची माणसं आधीच हसायला लागली होती. सरिता उठली. ती चालत शेखरपाशी गेली आणि तिनं हात पुढं केला.

"भावजी, तुमी तवा उशिरा आला व्हता ना? तुमीच सांगता. मग तुमाला गोष्ट अर्धीच ठाऊक. द्या, मी सांगते."

शेखरला नाही म्हणता येईना. आजवर माईक कुणी मागितलाच नव्हता, त्यामुळं नाही कसं म्हणायचं ते त्याला येत नव्हतं. त्यानं तो दिला.

पहिल्यांदा माईक किंचाळला. मग सरिताचा आवाज फुटला तो चिरकाच फुटला. "मी... माझं लग्न होऊन पंधरा दिवस झाले व्हते." कुणी हसलं नाही. कुणीतरी खोकलं. तिनं घाई केली नाही. सगळ्या मांडवाकडं सरळ तोंडानं बघितलं.

"सासूबाई बोलल्या, उंबराच्या पल्याडचं खाचर. मी वरच्या वाटेनं गेले. तिकडनं गेलं का उंबर उलटा."

"उंबर कसा उलटा व्हईल गो?" मागून एक म्हातारा ओरडला.

"तेवीस वर्षं मी पण त्याला तेच विचारते, बाबा."

एक हशा आला. लहानच, पण आला.

"खाचरात उतरले तर बांधावर चौघं बसलेले. डोक्यावर प्लास्टिक, हातात बिडी. मला वाटलं, गावचे देव हायेत, राखणीला बसलेत. मी पदर सारखा केला आणि लावायला लागले. तर त्यातला एक देव बोलला," ती धाकलूबाबांकडं वळली, "सूनबाई, हात चांगला हाय गो तुझा."

गावची माणसं थांबली. हे शेखरच्या गोष्टीत नव्हतं.

"आता मला सांगा, बायांनो. पंधरा दिवस मी ऐकत व्हते, भात मऊ झाला, भाकर जाड झाली, पाणी सांडलं. पयल्यांदा कोण चांगलं बोललं. मी काय केलं असंल?"

"काय केलं?" चंदाविहिणीनंच विचारलं.

"डबल जोरात लावलं."

बायका हसल्या. ते जीपमधलं हसणं नव्हतं. त्यात पन्नास बायकांचे पन्नास पंधरवडे होते, आणि त्या एकमेकींच्या मांडीवर थापा मारत होत्या.

"तहान लागली. पाणी प्यायला वर आले नाय. म्हटलं, येवढे चार देव कामधंदा सोडून आपलं कौतुक बघतायत, त्यांना कशाला खोळंबून ठेवायचं? शेवटची मूठ लावली आणि सासूबाई आल्या वरडत. मागं बघते तर देव अंतर्धान!" हशा उसळला. ती तशीच उभी राहिली, तो बसेपर्यंत. "तवापासून मी बांधचुकी. बरोबर हाय. बांध मी चुकले. पण ते चौघं बरोबर बांधावर बसले व्हते. त्यांचा बांध काय चुकला नाय."

माना वळल्या त्या शेखरकडं. माईक नसलेला शेखर सरितानं आजवर बघितलाच नव्हता. तो अगदी साधा, पोट सुटलेला माणूस दिसत होता.

"वयनी," तो म्हणाला, "गंमत व्हती ती."

"मी पण गंमतच सांगते, भावजी. येवढंच विचारायचंय, ती आवणी मजुरीची व्हती का सावडीची? मजुरी तर मला कोणी दिली नाय. म्हंजी सावडीची."

सावड काय ते तिथं पोराटोरालाही ठाऊक. आज मी तुझ्या खाचरात, उद्या तू माझ्या. सावडीचा दिवस बुडवणाऱ्याच्या आवणीला पुढच्या साली गावातलं कुणी जात नाही.

"तो दिवस फिरवायचा ऱ्हायलाय," सरिता म्हणाली. "तेवीस वर्षं वाट बघते. म्हटलं, जीप भरली नसंल."

यावर जो हशा उठला तो मांडवाच्या कापडाला पेलवेना. साईनाथ, नेहमीचा गप्प साईनाथ, खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होता. आणि त्या गदारोळात धाकलूबाबांनी काठी आपटली. ते सांगू लागले तेव्हा लोक गप झाले.

"खरं हाय. आमी बसलो व्हतो. मीच बोललो तसं. बाकीचं सगळं वाईट केलं आमी." म्हाताऱ्यानं सरिताकडं बघितलं. "पण हात चांगला व्हता गो. ते खोटं नव्हतो बोललो." मग शेखरकडं न बघताच म्हणाले, "दिवस फिरवायचा. माझ्या डोळ्यादेखत फिरवायचा."

हे तिनं घोकलेलं नव्हतं. तिनं माईक खाली ठेवला. चंदाविहीण उठली, तिनं सरिताचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "विहीणबाय, उंबर आमच्याकडं पण हाय. तुमच्या पोरीला आमी एकटीला नाय पाठवायचो." नम्रता मान वर करून आईकडं बघत होती. रडत होती, पण मान वर होती.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सरिताच्या खाचरात चिखलणी झाली आणि आवणीचा दिवस ठरला. शेखर आला. जीप दारात उभी करून, हाफ पँट घालून आला. न येऊन सांगतो कुणाला? पण तो एकटा नाही आला. बातमी धसईपर्यंत गेलेली. बघता बघता बांधावर पंधरा-वीस माणसं जमली, डोक्यावर प्लास्टिक, छत्र्या, हातात मोबाईल. खाली बसायला कुणी पोतं आणलं होतं, कुणी फळी.

सरिता गुडघाभर चिखलात उभी होती. तिनं वर बघितलं. तेवीस वर्षांपूर्वी उंबराच्या पल्याड ते चौघे असेच बसलेले होते.

"उठा," ती म्हणाली.

"अगो, बघायला आलोय," कुणीतरी म्हणालं.

"या बांधावर बसून बघायचं नाय. ज्याला हसायचंय त्यानं खाली उतरून हसा. रोपं भरपूर हायेत."

लोकांना वाटलं चेष्टा करते. तिचं तोंड सरळ होतं. एक उतरला, मग दुसरा उतरला, मग मोबाईल पिशवीत गुंडाळून सगळेच उतरले. धाकलूबाबांना उतरवेना. "बाबा, तुमी उभं राहून मुठी फेका," तिनं सांगितलं, आणि म्हातारा काठी बगलेत धरून रोपांच्या मुठी फेकू लागला. नम्रता आईच्या शेजारची ओळ धरून लावत होती. पलीकडून भिमीही आली होती, न बोलावता. ती काहीच बोलत नव्हती, आणि तिच्याकडं बघूनच लोकांना हसू येत होतं.

शेखरनं बऱ्याच वर्षांत आवणी केलेली नव्हती. त्याची ओळ डोंगराकडं निघून ओढ्याकडं पोचत होती. अर्ध्या तासानं त्यानं कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली, लालबुंद तोंडानं आपल्या रोपांकडं बघितलं आणि जरा हळूच विचारलं, "वयनी, बरी लावतोय ना?"

सगळं खाचर थांबलं.

सरितानं त्याच्या ओळीकडं शेवटापर्यंत बघितलं. मग त्याच्याकडं बघितलं. तोंडावरची रेघही हलू दिली नाही.

"हात चांगला हाय, भावजी, तुमचा."

शेखरचा चेहरा खुलला. तो वाकला आणि दुप्पट जोरात लावायला लागला. चार रोपं लागली, पाच लागली, आणि मग बांधावरून धाकलूबाबाच पहिले हसले. मग सगळं खाचर हसलं. शेखर हातातली मूठ तशीच धरून थबकला, त्याला कळलं, आणि चिखलात उभा राहून तोही कसनुसा हसायला लागला.

सरिता तेवढी हसली नाही. अजून अर्धं खाचर लावायचं होतं, आणि ते तिला त्याच्याकडूनच लावून घ्यायचं होतं.